नुसता कुत्रा

आमच्या घरी कुत्रा आला त्याला आता चार महिने होतील. 'आला' हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरतो आहे. चौतीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी तरी कर्ता, कर्म आणि क्रियापद यांच्यातले तंटे सोडवण्यात गेली. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगत होतो, "आम्ही कुत्रा वाचवला." वाक्य सकर्मक आहे, कर्ता ठळक आहे, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच आदर उमटतो. पंधरा दिवसांनी मी "आम्ही कुत्रा आणला" यावर उतरलो. हल्ली नुसतं "आला" म्हणतो. आमची ही म्हणते, "आणखी महिनाभर थांबा, कुत्र्याने आम्हाला ठेवून घेतलं, असं सांगायला लागाल."

त्याचं झालं असं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी कॉलेजात आहे. ती आणि तिच्यासारखी आठ-दहा पोरंपोरी जखमी जनावरं उचलून डॉक्टरांकडे नेण्याचा उद्योग करतात. आमच्या वेळी असल्या वयात पोरं सिनेमाला जात. तिचा फोन आला. जिल्ह्यातल्या एका एस.टी. स्टँडवर (नाव सांगत नाही, उगाच स्टँडची बदनामी नको) एक कुत्रा सापडला होता. मागचा पाय गाडीखाली आलेला, आणि पाठीवर कुणीतरी उकळता चहा नाहीतर गरम तेल ओतलेलं. पायावर उपचार झाले होते, नसबंदी झाली होती, रेबीजची लस टोचली होती, कानाला खाचही पाडली होती. आता फक्त जागा हवी होती. "काका, पंधराच दिवस," ती म्हणाली.

या जगात 'पंधराच दिवस' म्हणून आलेली कुठलीही गोष्ट पंधरा दिवसांत जात नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. चुलत मेहुणा असाच पंधरा दिवसांसाठी आला होता आणि आमच्याकडून बी.कॉम. होऊन गेला. पण मुलगी 'काका' म्हणाली. शिवाय तिचा बाप माझ्या हातून दोनदा नापास झाला होता. हो म्हणालो.

हिने अटी घातल्या. कुत्रा व्हरांड्यात राहील. स्वयंपाकघरात येणार नाही, देवघराकडे फिरकणार नाही. त्याचं सगळं तुम्ही करायचं, मी हात लावणार नाही. अटी मी मान्य केल्या आणि त्या सर्वच्या सर्व मोडल्या गेल्या. मात्र मी एकही मोडली नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

पहिले तीन दिवस कुत्रा दिवाणाखाली होता. व्हरांड्यात ठेवला की दाराच्या फटीतून सरपटत आत यायचा आणि सरळ दिवाणाखाली जायचा. माणसासमोर खायचा नाही. रात्री दिवे गेले की थाळीचा आवाज यायचा आणि सकाळी थाळी चाटूनपुसून स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. सुटका करून आणलेल्या कुत्र्यांचा एक ठोकताळा असतो: तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने घर आपलं वाटायला. मी मनात हिशेब केला. लग्न होऊन मी सासुरवाडीला पहिल्यांदा राहिलो तेव्हा मला याच्या तिप्पट वेळ लागला होता.

त्याला कशाकशाची भीती वाटते याची मी यादीच केली होती. झाडू, छत्री, वर्तमानपत्राची गुंडाळी, कुकरची शिट्टी. नगरला के. के. रेंजवर लष्कराचा गोळाबारीचा सराव चालतो. वारा अनुकूल असला की त्याचा धूमधडाका आमच्या सावेडीपर्यंत ऐकू येतो. त्याने हा कान हलवत नसे. पण डाळ शिजली की दिवाणाखाली! रणगाडा हा आपल्या जातीचा शत्रू नाही, स्वयंपाकघर आहे, हे ज्ञान त्याने पाठीच्या कातडीवर मिळवलेलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मला माझ्या बुटात बाजरीच्या भाकरीचा अर्धा चतकोर मिळाला. मग तुळशीमागे एक. मग जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात एक, त्याला बुरशी आलेली. गडी पोट भरल्यावर उरलेलं पुरून ठेवत होता. ही हसून हसून बेजार झाली. मी मात्र गंभीर झालो, कारण मी स्वतः माझ्या ठेवी चार बँकांत आणि दोन पतसंस्थांत विभागून ठेवल्या आहेत आणि त्यातली एक मला परवापर्यंत आठवतही नव्हती. दीड-दोन महिन्यांनी त्याने भाकरी लपवणं बंद केलं. उद्या मिळणार, याची त्याला खात्री पटली असावी. मी अजून पावत्या नव्या करतोच आहे.

नावाचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. त्या मुलीने डॉक्टरांच्या कागदावर 'लकी' असं लिहिलं होतं. पाय मोडलेल्या, पाठ भाजलेल्या प्राण्याला 'लकी' म्हणायला फार तरुण असावं लागतं. आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून फोनवर 'ब्रुनो' सुचवलं. मी 'मोत्या'पासून सुरुवात करून 'खंड्या', 'वाघ्या', 'राजा' असं सगळं आळवून पाहिलं. हा ढिम्म. आता नाव बदलणं आम्हा नगरकरांना नवं नाही. २०२४ साली आमच्या अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी आमच्याच जामखेड तालुक्यातलं. पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली, तरी स्टँडवर कंडक्टर "नगर, नगर" असंच ओरडतो आणि गावही ओ देतं. तेव्हा याचंही एखादं जुनं, सवयीचं नाव असेल आणि ते सापडलं की हाही ओ देईल, अशी माझी समजूत होती.

ते नाव एके दिवशी सापडलं. अंगणात शेजारची गाय शिरली. ही आतून ओरडली, "हाड! हाड!" गाय हलली नाही. दिवाणाखालून हा मात्र चटकन उठला, कान पाडून, पोट जमिनीला घासत दाराबाहेर गेला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. हाक मारल्यावर शहाण्या मुलाने यावं तसा तो शहाण्यासारखा गेला होता. जन्मल्यापासून सगळ्यांनी त्याला याच एका नावाने हाक मारली होती.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग स्वतः जाऊन त्याला फाटकापासून आत घेऊन आली आणि म्हणाली, "पंधरा दिवसांचा पाहुणा आहे, तर पाहुणाच म्हणू." त्या दिवसापासून तो पाहुणा. आणि त्याच दिवशी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आला, हेही सांगायला हवं.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, इतका वेळ काय चाललं होतं? इतका वेळ मी टाळत होतो. मला ज्या गोष्टीने छळलं ती गोष्ट म्हणजे कृतज्ञता. पाहुण्याची माझ्याबद्दलची.

मी त्याला रिक्षातून घरी आणला. मी त्याला ड्रेसिंगला नेला. माझ्या डायरीत 'पाहुणा' नावाचं एक खातं आहे आणि त्यात औषधं, इंजेक्शनं, पट्टा, दोन थाळ्या, रिक्षा असा सगळा खर्च तारीखवार मांडलेला आहे. जमेच्या बाजूला काहीही नाही. मला फार नको होतं. संध्याकाळी फिरून आल्यावर दारात यावं, शेपूट हलवावी, एखाद्या वेळी पायाशी बसून वर बघावं. सिनेमातले कुत्रे करतात तेवढंच. पाहुण्याची शेपूट हलायची ती हिला बघून. जिने हात लावणार नाही असं जाहीर केलं होतं तिला! मी "पाहुण्या" म्हटलं की तो ज्या नजरेने बघायचा ती मला ओळखीची होती. पेन्शनच्या कामाला गेलो की समोरचा कारकून असाच बघायचा.

एके दिवशी मी हिला म्हणालोसुद्धा, "याला काही कृतज्ञता नाही." ही मेथी निवडत होती. "त्याने सांगितलं होतं का तुम्हाला?" एवढंच म्हणाली. पाहुणा तिच्या शेजारी बसून मेथीच्या काड्यांवर लक्ष ठेवून होता. कांद्याची पात मात्र ती त्याच्यापासून दूर सारते. कांदा कुत्र्यांना बाधतो, हे तिने डॉक्टरांकडून पाठ करून ठेवलं आहे. ज्या जिल्ह्यात कांद्याच्या भावावर माणसांची लग्नं ठरतात तिथे हा एकटाच प्राणी कांद्याबाबत अलिप्त आहे.

आमच्या समोर एक निवृत्त तलाठी राहतात. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे आणि ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. भाऊसाहेबांचा कुत्र्यांवर राग आहे आणि तो साधार आहे. दोन वर्षांपूर्वी पहाटे फिरायला जाताना त्यांची पोटरी एका कुत्र्याने धरली होती. त्यांनी सगळी इंजेक्शनं वेळापत्रकाप्रमाणे घेतली आणि शेवटचं होईपर्यंत त्यांना धड झोप नव्हती. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही, हे ते कुठल्याही विषयावरून दोन मिनिटांत सिद्ध करतात, आणि त्यात काही खोटं नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशांची कात्रणं त्यांच्यापाशी फाइल करून ठेवलेली आहेत. ११ ऑगस्ट २०२५ ला कोर्टाने दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं ते कात्रण. २२ ऑगस्टला त्यात बदल करून, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी, लसीकरण करून जिथून आणली तिथेच सोडा, म्हटलं ते कात्रण. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका, म्हटलं तेही. "म्हंजे सर," भाऊसाहेब म्हणाले, "तुमच्या पाहुण्याचं मूळ गावच पुनर्वसनात गेलं म्हणा की!"

ते पहिल्यांदा पाहुण्याला बघायला आले तेव्हा तो दिवाणाच्या वर होता. (दिवाणाखालून दिवाणावर हा प्रवास कधी झाला, हे मला कुणी कळवलं नाही.) भाऊसाहेबांनी चष्मा लावून एकदा त्याच्याकडे, एकदा कोपऱ्यातल्या खुर्चीवर आक्रसून बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. "सर, वहिवाट लागली. सातबाऱ्यावर नाव तुमचं असलं तरी ताबा त्याचा. आता हे कूळ तुम्हाला हलवता यायचं नाही." मग चहा पिताना त्यांनी हळूच विचारलं, "एक विचारू का? कॉर्नरवर अजून अकरा आहेत. मी मोजलीत. ह्या एकाला आत घेतलं, त्या अकरांचं काय?"

मी म्हणालो, चहात साखर बरी आहे ना.

हा प्रश्न सरळ सोडून देऊन मी झोपू शकलो असतो. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट चालली होती आणि ती मी भीतीच्या यादीत लिहिलेली नव्हती. मी वाकलो की पाहुणा पळायचा. चपलेचा अंगठा सरळ करायला वाकलो, पळाला. खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो, पळाला. सकाळी पूजेनंतर देवासमोर डोकं टेकवायला वाकलो तरी हा दिवाणाखाली. ही वाकली तर तसं होत नसे, कारण ती बसूनच निवडते, टिपते, सारवते. वाकणारा मी. पहिल्यांदा मला वाटलं, माझं पोट बघून घाबरत असेल. मग एकदा अंगणात मी वाकलो आणि त्याने पळताना मागे वळून माझ्या हाताकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. तेव्हा लखकन उजेड पडला. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या लेखी माणूस एकाच कामासाठी जमिनीकडे वाकतो. दगड उचलायला.

आपण नमस्काराला वाकतो, पाया पडायला वाकतो, नम्रतेचं सगळं तत्त्वज्ञान या एका कमरेवर उभं आहे. आणि दाराशी बसलेला एक प्राणी त्यातून फक्त एवढंच वाचतो, की आता लागणार.

मला हे कसं कळलं? मला ते कळायला डॉक्टरांची गरज नव्हती. माझा नेम लहानपणी फार चांगला होता. आमच्या पारनेर तालुक्यातल्या गावी दगडाला तोटा नव्हता. पावसाचा तेवढा होता. पंचवीस पावलांवरून धावत्या कुत्र्याच्या नेमक्या पायावर दगड बसवणारा पोरगा म्हणून मला मान होता. मोठेपणीही ती कला गेली नाही. शाळेत मी नामदेवांची गोष्ट फार रंगवून सांगायचो. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले: कोरडी खाऊ नकोस रे देवा! वर्गातल्या मुली डोळे पुसायच्या. आणि अशाच एका दिवशी तास संपवून सायकलने घरी निघालो असताना, डबा अडकवलेल्या पिशवीला एक कुत्री हुंगायला आली म्हणून उतरून, वाकून, मी तिला एक ठेवून दिला होता. नेम चुकला नाही. डब्यात पोळी होती, तूपही होतं. ही विसंगती तेव्हा माझ्या ध्यानातही आली नाही. आज चाळीस वर्षांनी ती माझ्या ध्यानात यावी म्हणून एका कुत्र्याला दिवाणावर बसावं लागलं.

एवढ्यावरही भागलं नाही. गेल्या महिन्यात जामखेडला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत एक पन्नाशीचे, टक्कल पडलेले, सोन्याची साखळी घातलेले गृहस्थ "सर, सर" करत आले. विद्यार्थी. मोठा कंत्राटदार झाला आहे. पाया पडायला वाकला. आशीर्वादासाठी मी हात उचलला आणि त्याच क्षणी त्या माणसाने दोन्ही कोपर वर करून डोकं खांद्यात ओढून घेतलं. आजूबाजूला हशा पिकला. तोही हसला. मीही हसलो. "सर, तुमच्या हाताचा धसका अजून गेला नाही बघा!" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो."

हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतो आहे. सत्कारात, लग्नात, बाजारात. प्रत्येक वेळी मी ते पावतीसारखं घडी करून खिशात ठेवलं आहे. त्या रात्री परतीच्या एस.टी.त मात्र ती पावती मला नीट वाचता येईना. तो घडला तो मारामुळे की मार खाऊनसुद्धा? आणि मी मारलं ते त्याने घडावं म्हणून, की त्या महिन्यात पगार उशिरा झाला होता म्हणून? रात्री अकराला घरी आलो. पाहुण्याने डोळा किलकिला करून पाहिलं आणि पुन्हा मिटला. 'तुम्ही आणलं म्हणून मी जगलो' असं काही तो म्हणाला नाही. खरं सांगतो, त्या रात्री मला त्याचं बरं वाटलं.

तेव्हापासून मी आपल्या गोष्टींतले कुत्रे तपासायला घेतले. निवृत्त माणसाला वेळ असतो. युधिष्ठिर शेवटी हिमालयात पोचला. द्रौपदी गेली, चारही भाऊ वाटेत पडले, बरोबर राहिला तो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला, म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. युधिष्ठिर म्हणाला, मग मी येत नाही. जो माझ्या आश्रयाला आला त्याला टाकणार नाही. हे महाभारतातलं मला फार आवडणारं ठिकाण. पण लगेच पुढे काय होतं? कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. परीक्षा होती, पास झालात, बसा रथात. नामदेवांच्या गोष्टीत कुत्र्यात विठ्ठल. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, ते चार वेद. आमच्या जिल्ह्यातल्या शिर्डीचीच गोष्ट: एका बाईने जेवताना भुकेल्या कुत्र्याला तुकडा घातला, तर साईबाबा तिला म्हणाले, तू मला जेवू घातलंस, माझं पोट भरलं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आमच्याच जिल्ह्यात, पण त्याआधी पैठणला रेड्यालासुद्धा वेद म्हणून दाखवावे लागले, तेव्हा कुठे त्याचा मान राहिला!

म्हणजे जनावराला आपल्या दारात उभं राहायचं तर त्याने कुणीतरी दुसरं असल्याचा दाखला आणायचा. आणि आपण पोळी घालतो ती कुत्र्याला घालतच नाही. त्याच्या आडून वरच्या साहेबाकडे अर्ज करतो. मग जमेच्या बाजूला काही दिसलं नाही की चिडतो. माझं डायरीतलं खातं दुसरं काय होतं?

समजा, तो कुत्रा धर्म नसता. नुसता कुत्रा असता. कानाला खाच, पाठीवर भाजल्याचा डाग, अंगाला पावसात वास येणारा. मग? युधिष्ठिर नाही म्हणाला असता, इंद्र 'बरं' म्हणून रथ घेऊन निघून गेला असता, आणि बर्फात एक म्हातारा आणि एक कुत्रा उभे राहिले असते. मला हे चित्र इतकं भयंकर वाटलं की मी रात्री साडेदहाला हिला उठवून विचारलं, "मग काय झालं असतं?"

ही झोपेतच म्हणाली, "काय व्हायचंय? दोघं चालत परत आले असते." आणि कूस बदलताना, "नाथांनी पाणी पाजलं ते गाढव तर गाढवच होतं की."

मी म्हणणार होतो की काही कीर्तनकार त्या गाढवालाही रामेश्वर करून टाकतात. पण ती घोरायला लागली होती.

नंतर मला आमच्या नगरच्या किल्ल्यावरून एक गोष्ट आठवली. १९४२ ते १९४५ पंडित नेहरू तिथे कैदेत होते आणि तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला (माणूस या अर्थी) सांगतो. पण त्याआधी डेहराडूनच्या तुरुंगात असतानाची हकिकत त्यांच्या १९३६ च्या आत्मचरित्रात आहे. तिथे त्यांच्याजवळ काही बेवारस कुत्री होती. एक पिल्लू फार आजारी पडलं, तर या गृहस्थांनी रात्री दहा-बारा वेळा उठून त्याची शुश्रूषा केली. पिल्लू बरं झालं. ते धर्म निघालं नाही, विठ्ठल निघालं नाही, सुटकेचा हुकूमही घेऊन आलं नाही. बरं झालं, एवढंच. मी हा भाग पुन्हा काढून वाचला आणि पाहुण्याच्या खात्याचं पान डायरीतून फाडलं. पूर्ण नाही फाडलं. मागच्या बाजूला गॅस बुकिंगचा नंबर होता. पण आता त्यात काही लिहीत नाही.

भाऊसाहेबांच्या अकरांचं उत्तर अजून सापडलेलं नाही. युधिष्ठिराबरोबरही एकच कुत्रा होता. बारा असते तर व्यासांनी काय केलं असतं देव जाणे. त्या मुलीची मंडळी त्यातल्या चारांना नेऊन नसबंदी, लस करून परत सोडून गेली. नगरपालिकेने करायचं काम ही पोरं खिशातून करतात, असं मी म्हणालो तर भाऊसाहेब म्हणाले, "आता महानगरपालिका आहे, सर." मग त्यांनी तिच्या हातात पाचशेची नोट ठेवली. "कुत्र्यांवरच्या प्रेमानं नाही हां. लस दिलेलं कुत्रं चावलं तर निदान झोप तरी लागेल." हे कारण मला माझ्या सगळ्या कारणांपेक्षा प्रामाणिक वाटलं. उरलेल्या सातांसमोरून मी रोज जातो. पाहुणा बरोबर असतो. ते त्याच्याकडे बघतात, तो त्यांच्याकडे बघत नाही. हे शहाणपण तो कुठे शिकला असेल असा प्रश्न पडतो आणि मग मला वाटतं, आमच्याच कॉलनीत.

फिरण्यावरून आठवलं: या कॉलनीत मी वीस वर्षं राहतो. इतकी वर्षं मला नुसता नमस्कार करून पुढे जाणारी माणसं आता थांबून विचारतात, "पाहुणा कसा आहे?" मी कसा आहे हे अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा संध्याकाळची गोष्ट. ही दिवा लावत होती. मी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होतो, पाहुणा दारात आडवा पसरला होता. माझा चष्मा घसरून खाली पडला, नेमका त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर. मी सवयीने वाकलो आणि वाकल्यावर आठवलं. हात तसाच थांबवला. पाहुण्याने डोळे उघडले. आधी हाताकडे पाहिलं, मग चष्म्याकडे, मग माझ्या तोंडाकडे. मी हललो नाही. त्याने एक लांब सुस्कारा टाकला, डोकं पुन्हा पुढच्या पायांवर ठेवलं आणि डोळे मिटले.

मी बराच वेळ तसाच वाकलेला होतो. एक तर हलावंसं वाटेना. आणि दुसरं म्हणजे कमरेत उसण भरली होती, मला सरळ होता येईना. शेवटी हिला हाक मारावी लागली.